मी हलले नाही

रावजी मेस्त्री झोपायचं नाही असं ठरवून आडवा होतो. वैशाखातली दुपार आहे. पडवीत सागाच्या भुशाचा वास कोंडला आहे. रंधा जिथल्या तिथे पडून आहे. उशाला घेतलेल्या फणसाच्या ओंडक्यावर डोकं टेकताच मान सैल पडते. घटकाभर पाठ टेकायची आणि उठून पुन्हा त्या फोटोला भिडायचं, असा त्याचा बेत आहे. फोटो छातीवर आहे आणि फोटोवर हात आहे.

दिवस कलायच्या आत सासू येणार आहे, पावस गावाहून, तरीच्या होडीतून खाडी ओलांडून. उद्या त्याच्या बायकोचं, भागीरथीचं, वर्षश्राद्ध. महिन्यामागे रावजीने मुद्दाम माणूस पाठवून सासूला सांगितलं होतं, "या. लेक समोर उभी करून दाखवतो." तेव्हा वाटलं होतं, महिना पुष्कळ आहे, काहीतरी जमेल. महिना संपला. भागीरथी उभी राहिली नाही.

हा सगळा जोडचित्रांच्या वेडाचा परिणाम. त्या वर्षांत ते वेड विलायतेहून मुंबईत आणि मुंबईहून बोटीने रत्नागिरीत उतरलं होतं. एका पुठ्ठ्यावर तेच चित्र शेजारी शेजारी दोनदा चिकटवायचं, एक डाव्या डोळ्याला दिसतं तसं, एक उजव्या डोळ्याला दिसतं तसं. लाकडी डब्याच्या दोन भिंगांतून पाहिलं की दोन्ही मिळून एक होतं, आणि चित्रातलं झाड झाडासारखं उभं राहतं. बरी ऐपत असलेल्या घरी पाहुणा आला की पानाच्या तबकाआधी हा डबा पुढे येई. सोहोनी वकिलांच्या डब्याची मूठ तुटली तेव्हा ती बसवायला रावजी गेला. मूठ बसवली, नीट बसली का बघायला म्हणून डोळे लावले, आणि विलायतेतल्या एका पुलावर तासभर उभा राहिला. वकिलांच्या बायकोने चहा देऊन त्याला खाली आणला.

मग त्याने तसे डबे करायला घेतले. मग अशी चित्रं, म्हणजे फोटो, काढायचा डबाही केला. पहिल्याला भिंग एकच होतं. एका काचेवर फोटो घ्यायचा, डबा रुळावरून अडीच इंच सरकवायचा, दुसऱ्या काचेवर पुन्हा घ्यायचा. त्यात माणूस हललं की जोड जुळत नसे. रावजीने गावातल्या निम्म्या लोकांना "हललात" म्हणून सांगितलं होतं, आणि ते खरंच हललेले असत. पुढे त्याने दोन भिंगांचा डबा केला. त्यावर पहिलं चित्र काढलं ते बायकोचं. परसातल्या चिऱ्याच्या भिंतीपुढे तिला उन्हात उभी केली. चित्र भिंगाखाली धरलं तर भिंत पुढे आली होती आणि भागीरथी भिंतीच्या मागे, भोकात पडल्यासारखी आत गेली होती.

"हललीस," रावजी म्हणाला.

"मी हलले नाही," ती म्हणाली.

त्यावर दोघं दोन दिवस बोलली नाहीत. महिन्याभरात तिला ताप आला, आणि तिसऱ्या दिवशी ती गेली.

हे आठवता आठवता पडवीत दोन रंधे दिसू लागतात. रंधा एकच आहे, हे रावजीला पक्कं ठाऊक आहे. पण दोन दिसताहेत, एकमेकांपासून अडीच इंचांवर. तो एक डोळा मिटतो. रंधा एक. उघडतो. दोन. पलीकडे खांबही दोन झाले आहेत आणि दोरीवरचं धोतरही. सगळं एकत्र आणायला जरा जोर लावला पाहिजे, असं त्याला वाटतं. तो कपाळाला आठ्या घालून जोर लावतो.

सगळं एक होतं. तो पुलावर उभा आहे.

पूल वकिलांच्या चित्रातला आहे. टोपीवाली माणसं एक पाय उचलून जागच्या जागी थांबली आहेत. पायाखाली गारवा आहे. पण कठडा विलायती नाही, चिऱ्याचा आहे. त्यातला तिसरा चिरा कोपऱ्यात फुटका आहे. तो रावजीच्याच हातून कुऱ्हाड लागून फुटलेला. कठडा वर वर चढत जातो आणि भिंत होतो.

"मेस्त्री," भिंतीतून हाक येते.

सगळं गाव त्याला मेस्त्री म्हणतं, पण "मेस्त्री" म्हणताना हसू दाबणारं माणूस एकच.

"कुठे आहेस गो?"

"जिथे ठेवलीत तिथे."

चिऱ्यांमध्ये भागीरथीच्या आकाराची जागा आहे आणि तिच्यात ती आहे. हिरवं लुगडं, हात खाली सोडलेले, मान ताठ. रावजी पुढे जातो. ती मागे जाते. तो भरभर चालतो. ती मुठीएवढी होते.

"थांब की!"

"मी थांबलेलीच आहे. तुम्ही चुकीचं चालताय. मागे सरा."

"मागे कुठे? तू पुढे आहेस."

"इथे जवळचं लांब आहे आणि लांबचं जवळ. वर्षभर राहतेय, मला नाही कळणार? तोंड माझ्याकडे ठेवा आणि मागे सरा."

रावजी एक पाऊल मागे घेतो. ती हातभर मोठी होते. आणखी चार पावलं. आता ती समोर आहे, हात लांबवला तर लागेल एवढी. पण तिचा चेहरा बाहेर आलेला नाही. तो आत गेला आहे, मूर्ती काढून घेतल्यावर साचा उरतो तसा. गाल आत, हनुवटी आत. त्या खळग्याच्या तळातून ती त्याच्याकडे बघते आहे.

"बघा माझी दशा," ती म्हणते. "नाक आत गेलंय. नथ घालू कशात?"

रावजीला हसू येतं. वर्षभरात ते आलं नव्हतं.

"उद्या तुझं वर्षश्राद्ध," तो सांगतो. "आई येतायत."

"ठाऊक आहे. काय दाखवणार आहात त्यांना?"

"तुला."

"ही अशी? लेक म्हणून भिंतीतलं भोक दाखवणार?"

"मग काय करू? एकच चित्र आहे तुझं, आणि त्यात तू हललीस."

बोलून गेल्यावर त्याला वाटतं, जीभ चावावी. भागीरथी कमरेवर हात ठेवते. पूल नाहीसा होतो. ती दोघं वकिलांच्या दिवाणखान्यात आहेत. छताला झुंबर आहे आणि खाली जमीन आपल्या परसाची, शेणाने सारवलेली. भागीरथीच्या हातात पुठ्ठा आहे.

"मागे काय लिहिलंय ते वाचा."

"कशाला?"

"वाचा म्हणते ना."

"हलली," रावजी वाचतो. "वाया."

"अक्षर कुणाचं?"

"माझं."

"वा! एकोणीस वर्षं नांदले आणि माझ्या नावापुढे हे लिहिलंत. बरं, आता मला एक सांगा. तुमच्या जुन्या डब्याला डोळे किती?"

"एक."

"नव्याला?"

"दोन."

"दोन्ही एकदम उघडले की एकामागून एक?"

"एकदम. एकच फळी आहे पुढे. ती काढली की दोन्ही उघडतात."

"मग मी हलले असते तर दोन्हीकडे सारखीच हलले असते. दोन्हीकडे धुरकट दिसले असते. दिसतेय?"

रावजी पुठ्ठा डोळ्यांजवळ नेतो. डावीकडे भागीरथी लख्ख आहे. उजवीकडेही लख्ख आहे. लुगड्याच्या काठाची रेघन् रेघ मोजून घ्यावी. हे त्याने वर्षभरात हजार वेळा पाहिलं आहे. पण माणूस हललं की जोड बिघडते हे जुन्या डब्याने त्याच्या डोक्यात इतकं घट्ट ठोकून ठेवलं होतं की दुसरं काही आत शिरलंच नव्हतं.

"तुम्ही आठ मोजत होतात," ती म्हणते. "चारला पायावर मुंगळा चढला. पाचला चावला. तरी उभी राहिले. तेव्हाही सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, मुंगळ्याचं निमित्त सांगतेस."

"म्हणालो होतो," रावजी म्हणतो. मग तो विचारतो, "मग बिघडलं कुठे?"

"ते मला विचारता? मेस्त्री तुम्ही. बसा जेवायला."

तो पाटावर बसलेला आहे. चुलीत लाकडं आहेत, धूर नाही. भागीरथी ताटापलीकडे, त्याच्या समोर बसून वाढते. भाताची मूद, वरण, भाजी, कैरीची चटणी, लिंबाची फोड. रावजी पाणी फिरवायला हात उचलतो आणि थबकतो.

"चटणी उजवीकडे?"

"कुठे उजवीकडे? डावीकडेच वाढलीय."

"ही बघ. लिंबूही उजवीकडे. भाजी डावीकडे. एकोणीस वर्षांत कधी चुकली नाहीस, आज काय झालं?"

"माझ्या डाव्या हाताला आहे की."

"तुझ्या डाव्या हाताला असेल, पण तू समोर बसलीयस ना!"

"हं," ती म्हणते.

रावजी तिच्याकडे बघतो. मग ताटाकडे. ती ताटाच्या कडेला बोट लावते आणि अख्खं ताट अर्धं फिरवते. भाजी उजवीकडे जाते. चटणी आणि लिंबू डावीकडे येतात.

"तुमच्या डब्याच्या मागच्या काचेत मी कशी दिसत होते? तुम्हीच मला काळ्या कापडाखाली घेऊन दाखवलं होतंत. मी नव्हे, शेजारची यमुनाकाकू उभी होती तेव्हा."

"उलटी. डोकं खाली, पाय वर."

"मग सरळ कशी केलीत?"

"काच फिरवली."

"दोन्ही चित्रं सुटी सुटी फिरवलीत की अख्खी काच एकदम?"

रावजीचा हात ताटावर तसाच राहतो. आपल्या डोक्यात कुणीतरी कडी काढल्याचा आवाज होतो, असं त्याला वाटतं. जुन्या डब्याच्या काचा दोन होत्या. एकेक सुटी फिरवली, डावी डावीकडे चिकटवली, उजवी उजवीकडे. नव्या डब्यात दोन्ही चित्रं एकाच काचेवर होती. ती अख्खी काच फिरवली, ताटासारखी. आणि कागदावर उतरली तशी, सबंधच्या सबंध, पुठ्ठ्यावर चिकटवली.

"डावी तू उजवीकडे गेलीस," तो सावकाश म्हणतो. "उजवी तू डावीकडे."

"म्हणून मी वर्षभर भिंतीच्या मागे उभी."

"मी चिकटवताना चुकलो."

"मोठ्याने म्हणा. भिंतीमागे नीट ऐकू येत नाही."

"मी चुकलो! तू हलली नव्हतीस!"

भागीरथी पदराने तोंड पुसते. ती हसते आहे की काय, ते त्या खळग्यात कळत नाही. "आता जेवा," ती म्हणते. मग लगेच, "नको, आधी काम. पुठ्ठा मधोमध कापा आणि बाजू बदला."

रावजी पुठ्ठा छातीशी धरतो. "नाही कापणार."

"का?"

"काच राहिलेली नाही गो. हा एकच कागद आहे. वाकडं कापलं गेलं तर पुन्हा छापायला काही नाही."

"काच कुठे गेली?"

तिला हे ठाऊक आहे, हे रावजीला कळतं. तिला ते त्याच्याच तोंडून हवं आहे. तो सांगतो. चित्र वाया गेलं म्हणून त्याने ती काच सोड्याच्या गरम पाण्यात घातली, सुरीने खरवडली आणि चांगली काच फुकट जायला नको म्हणून तसबिरी करणाऱ्याला देऊन टाकली. तेव्हा ती आत भाकऱ्या थापत होती. तिच्या भाकऱ्यांचा आवाज ऐकत ऐकत त्याने तिला पुसून टाकलं होतं.

"ठाऊक आहे," भागीरथी म्हणते. "कुणाच्या तरी घरी दत्ताच्या पुढ्यात बसवलंय मला. दोन्ही वेळा उदबत्ती मिळते. तुमच्या घरी कधी मिळाली होती?"

"थट्टा करू नकोस."

"मग काय करू? रडू? ते तुम्ही करताय की पुष्कळ."

"कापताना हात चुकला तर तू जाशील."

"मी गेलेय, मेस्त्री."

ती हे अगदी साधेपणाने म्हणते, मीठ संपलं आहे असं सांगावं तसं. चुलीतली लाकडं विझून गेलेली आहेत. आता ती दोघं परसात आहेत, चिऱ्याच्या भिंतीजवळ, आणि ऊन आहे. उन्हाला रंग नाही, कागदावर असतं तसं तपकिरी आहे.

"ऐका," ती म्हणते. "तुम्ही हा कागद जपताय. मला नाही जपत आहात. मला मागे कोंडून ठेवलंयत, कारण हात चुकेल अशी भीती वाटते. आई तरीतून खाडी ओलांडून येतेय. तिला पाण्याचं भय आहे. लग्नानंतर एकदासुद्धा आली नाही ती इकडे, त्या खाडीपायी. आज येतेय. आणि तुम्हाला एक पुठ्ठा कापवत नाही?"

रावजी धोतराचा सोगा खोचतो. नवं काम अंगावर घेताना तो नेहमी असाच सोगा खोचतो.

"पटाशी आण," तो म्हणतो. "आणि लोखंडी पट्टी. खाली फळी लागेल."

"हात चुकेल म्हणालात ना? त्या हाताने पटाशी धरणार? मी कापते."

"कशाने?"

तिने विळी मांडलेलीच आहे. पाटावर पाय मुडपून ती बसते.

"विळीवर? अगो, तो काय दुधी आहे?"

"दुधीच्या फोडी कधी लहानमोठ्या झाल्यात माझ्या? पुठ्ठा धरा. दोन्ही बाजूंनी. घट्ट."

तो धरतो. तिची बोटं त्याच्या बोटांशेजारी येतात. ती गार नाहीत, ऊनही नाहीत. पात्यावर पुठ्ठा टेकतो.

"आता तुम्ही हलायचं नाही," भागीरथी म्हणते. "मी आठ मोजते."

"श्वास?"

"तो मी धरला होता, तर तुम्हीही धरा. एक."

रावजी श्वास धरतो.

"दोन. तीन."

पायात गोळा येतो आहे. तो हलत नाही.

"चार."

पोटरीवर काहीतरी चढतं. मुंगळा आहे. रावजी खाली बघत नाही.

"पाच."

मुंगळा चावतो. डोळ्यांत पाणी येतं. तो हलत नाही. पुठ्ठा पात्यावर सरकतो आहे, त्याची करकर त्याच्या बोटांत उमटते.

"सहा. सात."

तो तिच्या तोंडाकडे बघतो. आत गेलेला गाल हळूहळू वर येतो आहे, तळ्यातून काहीतरी वर यावं तसा.

"जावई!"

हाक बेड्याकडून, अंगणाच्या फाटकाकडून, आली आहे. रावजी उठून बसतो. पडवी आहे, भुसा आहे, रंधा एक आहे. ऊन पायरीवरून खाली उतरलं आहे. छातीवरून काहीतरी मांडीवर पडतं, आणि त्याच्यामागोमाग आणखी काहीतरी पडतं.

पुठ्ठ्याचे दोन तुकडे आहेत.

तो ते उचलतो. कड बघतो. पटाशीने कापलेली कड सुतासारखी सरळ असते, पट्टी लावून कापली की तिच्यात फरक पडत नाही. ही कड मध्यभागी किंचित आत वळली आहे, पात्याच्या बाकाला धरून. बरोबर दोन चित्रांच्या मधून गेली आहे. दोन्हीकडच्या लुगड्याच्या काठाला तिने स्पर्शही केलेला नाही.

"जावई, आहात का घरात? की आम्ही पाण्यातून जीव मुठीत धरून आलो, आणि तुम्ही घोरताय?"

"आहे, आई. आलो. जरा थांबा."

तो थांबत नाही. डबा ओढतो. उजवा तुकडा डावीकडे, डावा उजवीकडे, दोन्ही तारेच्या खाचेत खोवतो आणि अंगठ्यांनी दाबून धरतो. डोळे लावतो. आधी भागीरथी दोन दिसतात. त्याला घाई नाही. जोर लावायचा नाही, एवढं त्याला आता कळलं आहे. तो नुसता बघत राहतो. दोघी सरकतात, एकमेकींत शिरतात.

भिंत मागे जाते.

भागीरथी पुढे उभी आहे. तिच्या आणि भिंतीच्या मध्ये जागा आहे, एक माणूस मागून निघून जाईल एवढी. नाक नाकाच्या जागी आहे. मान ताठ आहे, आणि ओठ मिटलेले आहेत, दातांवर दात घट्ट धरल्यासारखे. माणसाला काहीतरी चावतं आहे आणि ते सोसतं आहे, असे.

सासू पायरी चढून पडवीत येते. लहानशी बाई, पदर भिजलेला, हातात गाठोडं. चेहऱ्यावरचं खाडीचं भय अजून गेलेलं नाही. रावजी तिच्या पाया पडत नाही, पाणीही विचारत नाही. पाट मांडतो, तिला बसवतो आणि अंगठे न सोडता डबा तिच्या डोळ्यांपुढे धरतो.

"बघा," तो म्हणतो. "डोळे ताणू नका. नुसतं बघा."

म्हातारी बघते. तिची मान आधी इकडे होते, मग तिकडे. मग ती थांबते. गाठोडं मांडीवरून खाली घसरतं, ते तिला कळत नाही. रावजीचे अंगठे दुखू लागतात. तो ते काढत नाही.

"अगो बाय," ती हळूच म्हणते. आणि मग, डबा डोळ्यांवरून न काढता, जावयावर एकदम डाफरते, "एवढ्या उन्हात कशाला उभी केलीत हो पोरीला?"

"आठ मोजेपर्यंतच, आई," रावजी म्हणतो. "जरासुद्धा हलली नाही ती."